मेडिकलच्या काउंटरवर किती सांगायचं?

(कवठे येमाई येथे प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी थोडं नीटनेटकं करून इथे देत आहोत.)

अध्यक्षताई, सचिवताई, सगळ्या ग्रामसंघांच्या पदाधिकारी, सीआरपी ताई आणि कांद्याचं काम बाजूला ठेवून आलेल्या माझ्या सगळ्या ताई, मावश्यांनो. आजचा विषय कर्जाचा नाही, वसुलीचाही नाही, त्यामुळे कोषाध्यक्षताईंनी जरा निवांत बसायला हरकत नाही.

गटांच्या बैठकांना फिरताना गेल्या काही महिन्यांत मी तीन गोष्टी ऐकल्या. तीन वेगळ्या गावांतल्या. गावांची नावं मी सांगणार नाही आणि तुम्हीही अंदाज बांधू नका. विषयच तसा आहे.

पहिली गोष्ट. एक ताई सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेल्या. डॉक्टरांची चिठ्ठी होती, पैसे होते. काउंटरवरच्या मुलाने आधी मोबाईल नंबर विचारला. मग म्हणाला, आधार कार्ड आहे का? मग म्हणाला, आभा नंबर आहे का? नाही म्हटल्यावर म्हणाला, मी लगेच काढून देतो, मोबाईलवर ओटीपी आला की सांगा. ताईंनी सांगितला. मागे चार माणसं उभी, एसटीची वेळ झालेली, कोण वाद घालणार? त्यांनी नेमकं कशाला हो म्हटलं, हे त्यांना आजपर्यंत माहीत नाही.

दुसरी गोष्ट एका मुलीची. कॉलेजला जाते. पाळी अनियमित म्हणून डॉक्टरांनी तिला हार्मोनच्या गोळ्या दिल्या. आता ह्याच गोळ्या पाळणा लांबवायला पण वापरतात, हे तुमच्यापैकी पुष्कळ जणींना माहीत आहे. मेडिकलवाल्या काकांनी चिठ्ठी बघितली, गोळ्या दिल्या आणि संध्याकाळी तिच्या वडिलांना पारावर गाठून विचारलं, "पोरीचं सगळं ठीक ना?" काकांच्या मनात काळजी असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्या एका प्रश्नानंतर त्या घरात काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. मुलीने गोळ्या बंद केल्या. त्रास सुरूच आहे.

तिसऱ्या ताई झोपेच्या आणि मन शांत राहायच्या गोळ्या घेतात. डॉक्टरांनी रीतसर दिलेल्या. त्या गावातल्या मेडिकलमध्ये जात नाहीत, एसटीने पलीकडच्या तालुक्यात जाऊन गोळ्या आणतात. अर्धं तिकीट झाल्यापासून परवडतं म्हणाल्या. ज्या महिन्यात जायला जमत नाही त्या महिन्यात गोळ्या चुकतात.

ह्या तिघींच्या गोष्टी वेगळ्या दिसतात. पहिलीत माहिती कागदावर आणि कॉम्प्युटरवर गेली, दुसरीत तोंडातोंडी गेली, तिसरीत ती जाईल ह्या भीतीनेच औषध चुकलं. पण तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न आहे. आपल्या आजाराची माहिती कुणी, किती आणि कशासाठी मागायची? आणि आपण किती द्यायची?

आधी मेडिकलवाल्यांची बाजू सांगते, कारण ती खरी आहे. रात्री अकरा वाजता लेकराला ताप आला तर कडी वाजवून आपण त्यांनाच उठवतो. आणि काही औषधं अशी आहेत की ती देताना पेशंटचं नाव लिहून ठेवणं त्यांना कायद्यानेच भाग आहे. औषधांच्या नियमांमध्ये शेड्यूल एच-वन नावाची एक यादी आहे. ती १ मार्च २०१४ पासून लागू झाली. त्यात सेफिक्झिमसारखी जोरकस अँटिबायोटिक्स आहेत, टीबीची औषधं आहेत, अल्प्राझोलामसारखी झोपेची, सवय लागू शकणारी औषधं आहेत. ही औषधं लोक वाटेल तशी खात होते, त्यामुळे जंतूंवर औषध लागू पडेनासं झालं, म्हणून ही यादी केली. यातलं औषध देताना मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं असतं: डॉक्टरांचं नाव आणि पत्ता, पेशंटचं नाव, औषधाचं नाव, किती दिलं. हे रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं असतं.

ओळखायचं कसं? घरी गेल्यावर गोळ्यांची पट्टी उलटी करून बघा. एच-वनच्या औषधावर लाल रंगात आरएक्स असं चिन्ह असतं आणि लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. लाल चौकट असली की तुमचं नाव रजिस्टरमध्ये जाणार, तिथे वाद घालू नका, नाव सांगा. खोटं नावही सांगू नका.

पण त्या यादीत काय नाही तेही बघा. आधार नंबर नाही. आभा नंबर नाही. मोबाईल नंबर नाही. तुमच्या नवऱ्याचं नाव नाही. आणि ते रजिस्टर औषध निरीक्षकाने तपासायचं असतं. काउंटरवर उघडं टाकून पुढच्या गिऱ्हाईकाने वाचायचं नसतं.

टीबीचं थोडं वेगळं आहे. टीबी झालेल्या माणसाची माहिती सरकारला कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे आणि मार्च २०१८ पासून मेडिकल दुकानांवरही ती जबाबदारी आली. तिथे नाव-पत्ता विचारतात तो त्यासाठी. कोर्स मध्येच सुटला तर आजार पुन्हा उलटतो, घरातल्या लेकरांना होतो, म्हणून आरोग्य खात्याचा माणूस पाठपुरावा करतो. त्यात आपला फायदाही आहे. सरकारी दवाखान्यात टीबीचं औषध फुकट मिळतं आणि निक्षय पोषण योजनेतून दरमहा १००० रुपये खात्यावर येतात. आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पण ही माहिती टीबीच्या कार्यालयाला कळवायची असते, गावाला नाही. सून टीबीची म्हणून तिचं ताट वेगळं करणारी घरं मी बघितली आहेत. त्यामुळे हे गुपित राहणं ही काही चैनीची गोष्ट नाही.

आता आभाकडे येते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे आहे. मी विचारलं की "आभा कार्ड काय असतं?" तर दहापैकी आठ जणी सांगतात, "पाच लाखांचं." नाही हो. पाच लाखांचं ते आयुष्मान कार्ड. त्यावर योजनेतल्या दवाखान्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. आपल्या राज्यात ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेबरोबर जोडलेलं आहे. आभा म्हणजे चौदा आकडी नंबर. त्यावर एक रुपयाही मिळत नाही. तुमचे रिपोर्ट, चिठ्ठ्या, कुठे काय उपचार झाले ह्याची नोंद एका नंबराखाली जोडण्यासाठी तो आहे. ही योजना देशभर सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली.

आभा वाईट आहे असं मी सांगत नाही. ज्यांचे मालक रांजणगाव एमआयडीसीत कामाला आहेत, आज एका कंपनीत, उद्या दुसऱ्या, आणि दवाखानेही बदलतात, त्यांना जुने रिपोर्ट मोबाईलवर मिळाले तर सोयच आहे. सासूबाईंची फाईल पिशवीत घालून तीन दवाखाने फिरलेल्या बाईला त्याचं मोल कळतं. काही सरकारी दवाखान्यांत कोड स्कॅन केला की केसपेपरच्या रांगेत उभं न राहता टोकन मिळतं. चांगलंच आहे. पण आभा काढणं ऐच्छिक आहे. सरकारच्या स्वतःच्या धोरणात तसं लिहिलेलं आहे. आभा नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. काढल्यावर नको वाटलं तर आभाच्या ॲपवरून किंवा वेबसाईटवरून बंद करता येतो. आणि एका दवाखान्याची नोंद दुसऱ्याला दिसायची तर प्रत्येक वेळी तुमची परवानगी लागते. ती ठरावीक काळापुरती देता येते, मागेही घेता येते.

गंमत म्हणजे तुमच्यातल्या काही जणींचा नंबर आधीच निघालेला असू शकतो. २०२१ मध्ये कोविडची लस घेताना आधार दाखवलेल्या बऱ्याच लोकांचे हेल्थ आयडी त्यांना न विचारता तयार झाले, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. लसीच्या सर्टिफिकेटवर खाली बारीक अक्षरात नंबर आहे का ते घरी जाऊन बघा.

म्हणून ओटीपीचं लक्षात ठेवा. पूर्वी आपल्या आज्या अंगठा उठवायच्या. कागदावर काय लिहिलंय हे न कळता उठवायच्या, आणि मग जमिनी जायच्या. ओटीपी म्हणजे आजचा अंगठाच आहे. मेडिकलवाल्याला ओटीपी सांगायच्या आधी त्याला मोठ्याने विचारायचं, "दादा, हा ओटीपी कशाचा?" आणि मेसेज आधी स्वतः वाचायचा. वाचता येत नसेल तर शेजारच्या बाईला दाखवा. गोळ्यांची पाकिटं घ्यायला ओटीपी लागत नाही.

मग आधार कुठे लागतं? मी साधं गणित घालते. पैसे सरकार भरणार असेल, म्हणजे आयुष्मानखाली ऑपरेशन, निक्षयचे १००० रुपये, मातृवंदनेचे पैसे, तर तुम्हीच त्या बाई आहात हे त्यांना बघावं लागतं, तिथे कागदपत्रं द्या. पण पैसे तुम्ही तुमच्या पदरातून रोख देताय, चिठ्ठी डॉक्टरांची आहे, तर मेडिकलवाल्याने चिठ्ठी तपासायची आणि औषध द्यायचं. आधार दाखवलं तरच औषध, असा नियम नाही. सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं की खाजगीपण हा आपला मूलभूत हक्क आहे. नऊ न्यायाधीश बसले होते आणि नऊही जणांचं एकमत होतं. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ ला, आधार कायद्यातलं जे कलम खाजगी कंपन्यांना आधार मागायची मुभा देत होतं, ते कोर्टाने रद्द केलं.

मोबाईल नंबरचं पण असंच. "नंबर टाकल्याशिवाय बिल निघत नाही" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. केंद्राच्या ग्राहक खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलं आहे की बिलासाठी गिऱ्हाईकाच्या नंबरची सक्ती करू नका. कॉम्प्युटर ऐकत नसेल तर दुकानाचाच नंबर टाकावा, तो काय चावणार आहे का? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात तर चक्क मेडिकलचंच उदाहरण दिलेलं आहे. एक बाई मेडिकलमध्ये खरेदी करते, पैसे दिल्याची पावती मोबाईलवर पाठवा म्हणून स्वतःहून नंबर देते. तर दुकानदाराने तो नंबर पावती पाठवण्यासाठी वापरावा. ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी. ह्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि दुकानदार-कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होतात, म्हणजे अजून थोडा वेळ आहे. तोवर तोंड उघडणं आपल्याच हातात आहे.

कुणी म्हणेल, नंबर दिला तर एवढं काय बिघडतं? आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? जून २०२३ मध्ये बातम्या आल्या होत्या की टेलिग्रामवर एखाद्याचा मोबाईल नंबर टाकला की त्याचं नाव, लसीच्या वेळी दिलेल्या ओळखपत्राचा नंबर, लस कुठे घेतली हे सगळं दिसतंय. सरकारने पोर्टल सुरक्षित असल्याचं सांगितलं. पुढे दिल्ली पोलिसांनी बिहारमधून एकाला पकडलं. नंबर आणि आजार एका ठिकाणी साठला की तो कुणाच्या हातात जाईल हे देणाऱ्याच्या हातात राहत नाही. शहरातल्या माणसाला त्याचा त्रास म्हणजे जाहिरातींचे फोन. आपल्याकडे सोयरीक मोडते.

आता थोडं नाजूक बोलते. पुरुष मंडळी आज बैठकीत नाहीत, बरं आहे. गर्भपाताच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून कधीही घेऊ नका, मागवू नका, जीवावर बेतू शकतं. आपल्या राज्यात २०१२ नंतर ह्या गोळ्यांच्या विक्रीवर इतकं बारीक लक्ष ठेवलं गेलं की अनेक मेडिकलवाल्यांनी त्या ठेवणंच बंद केलं. मान्यता असलेल्या दवाखान्यात जा. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईला गर्भपातासाठी स्वतःचीच सही पुरते, नवऱ्याची किंवा सासूची सही कायदा मागत नाही. आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर डॉक्टरने त्या बाईचं नाव बाहेर सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ७२ तासांच्या आत घ्यायची जी गोळी असते, तिला चिठ्ठी लागत नाही. "लग्न झालंय का?" हा प्रश्न विचारायचा मेडिकलवाल्याला काहीच अधिकार नाही. विचारला तर उत्तर द्यायचं नाही, पैसे पुढे करायचे.

एचआयव्हीसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे, मानसिक आजारासाठी पण २०१७ चाच. दोन्हींमध्ये माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क लिहिलेला आहे. मघाशी सांगितलेल्या तिसऱ्या ताईंसारखं कुणाला असेल तर १४४१६ ह्या नंबरवर टेली-मानसची सरकारी सेवा आहे, फोनवर मराठीत बोलता येतं. आणि फार्मासिस्टलाही नियम आहेत. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांत पेशंटच्या घरच्या, खाजगी गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत असं लिहिलेलं आहे. कायद्याने सांगणं भाग असेल तेवढंच सांगायचं. त्या मुलीच्या काकांना हे कुणीतरी प्रेमाने सांगायला पाहिजे. चार जणींनी जाऊन सांगितलं तर जास्त बरं.

एवढं सगळं दुकानदारांना सांगितलं. आता आपल्याकडे बघू, राग मानू नका. गटात एखादी आजारपणासाठी उचल मागते. लगेच पहिला प्रश्न, "काय झालंय?" दुसरा, "कुणाला?" आणि मग ते ठरावाच्या वहीत सविस्तर लिहिलं जातं: अमुक ताईंच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी पाच हजार. ती वही बँकेत जाते, ऑडिटला जाते, पुढच्या महिन्यात कुणाच्याही हातात असते. "वैद्यकीय कारणासाठी" एवढं लिहिलं तर पुरतं. परतफेड पिशवीवरून ठरत नाही, हप्त्यावरून ठरते. खर्चाचा कागद बघायचाच असेल तर अध्यक्ष-सचिवांनी बघावा आणि परत द्यावा.

आणि व्हॉट्सॲप. "ही गोळी कुठे मिळेल?" म्हणून अख्खी चिठ्ठी ग्रुपवर टाकलेली मी दर आठवड्याला बघते. त्यावर नाव, वय, आजार, डॉक्टर सगळं असतं. कागद दुमडून फक्त औषधाच्या नावाचा फोटो काढा. आयुष्मान कार्डाच्या कॅम्पनंतर तीस-तीस जणींच्या आधारचे फोटो एकाच ग्रुपवर, हे पण थांबवू या. ज्या ताई फॉर्म भरतात त्यांच्या एकटीच्या नंबरवर पाठवा, काम झालं की दोन्हीकडून पुसून टाका. आधार द्यायचंच असेल तर मास्क केलेलं आधार डाउनलोड करता येतं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. सीएससीवाल्या भाऊंना सांगितलं तर ते काढून देतात.

काउंटरवर भांडायची गरज नाही. "दादा, नंबर देत नाही, कागदावर बिल द्या." बस. बिल मात्र घ्याच, नंतर तक्रार करायची तर तोच पुरावा. चिठ्ठी असून आधारसाठी औषध अडवलं तर आधी मालकाशी बोला, काउंटरवरचा पोरगा नवीन असतो, त्याला काहीच माहीत नसतं. नाहीच ऐकलं तर अन्न व औषध प्रशासनाचा फोन आहे, १८०० २२२ ३६५. नंबर दिल्याशिवाय बिल देत नाहीत अशी तक्रार ग्राहक हेल्पलाईनवर, १९१५. दोन्ही फोन फुकट आहेत. वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या.

माझी एक सूचना आहे, ठराव करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. आपल्या प्रभागातल्या सगळ्या मेडिकलवाल्यांना संघाच्या लेटरहेडवर एक पत्र द्यायचं. त्यात दोनच विनंत्या. काउंटरसमोर दोन-तीन फुटांवर एक पट्टी मारा आणि मागच्या गिऱ्हाईकाला तिथेच थांबवा. आणि औषधाचं नाव, ते कशाचं आहे हे मोठ्याने ओरडून विचारू नका. दुकानात एखादी मुलगी कामाला असेल तर बायकांची औषधं तिने द्यावीत, हे तोंडी सांगू. गावातल्या मेडिकलला गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक आपणच आहोत, ते नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं. पत्राचा मसुदा सचिवताईंकडे दिला आहे.

आता प्रश्न विचारा. सगळ्यांसमोर विचारायचे नसतील तर चहा होईपर्यंत मी मागच्या खोलीत बसते, एकेकीने या.